पीडियाची पोस्टिंग: मार्क कुठे मिळतात, कुठे गळतात

एमबीबीएसची पीडियाची, म्हणजे बालरोगाची पोस्टिंग (वॉर्डात शिकण्याचे ठरलेले आठवडे). तिच्या पहिल्या सकाळी वॉर्डच्या दारात नवी बॅच उभी असते. कडक इस्त्रीचे एप्रन, खिशात नवी टॉर्च, गळ्यात स्टेथो. युनिटची ओळख करून दिली, "काही शंका?" असं विचारलं की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, या पोस्टिंगचे मार्क फायनलला धरतात का?"

बाकीचे हसतात, पण प्रश्न रास्त आहे. मार्क कशाचे, देतं कोण, चढतात कुठल्या कागदावर, हे आपल्याकडे कुणी बसवून सांगत नाही. सीनियर सांगतात ते त्यांच्या बॅचचं असतं, आणि आम्ही शिक्षक सांगतो ते बऱ्याचदा आम्ही विद्यार्थी असतानाचं. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात बरीच वर्षं एंड पोस्टिंग, म्हणजे पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षा घेतल्या, त्यात जे दिसलं त्यावरून हे लिहितोय. माझं एक मत आधीच सांगून टाकतो: पीडियात मुलं अवघड प्रश्नांवर फार कमी नापास होतात. मार्क जातात ते वजन, वय, एक मिनिट श्वास मोजणं आणि आईशी बोलणं, इतक्या साध्या ठिकाणी.

पायरी पहिली: आधी हिशोब समजून घ्या

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची खिचडी करायची नाही. हजेरी, अंतर्गत मूल्यमापन म्हणजे आपल्या भाषेत आयए, आणि विद्यापीठाची परीक्षा.

हजेरी लेक्चरला ७५ टक्के आणि क्लिनिकलला ८० टक्के लागते. टक्केवारी विषयाची मोजली जाते, त्यामुळे मेडिसिनला रोज गेलात म्हणून पीडियाची तूट भरून निघत नाही. २०१९ च्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात पीडियाच्या पोस्टिंगला दुसऱ्या वर्षात २ आठवडे, तिसऱ्याच्या पहिल्या भागात ४ आणि शेवटच्या भागात ४ असे मिळून १० आठवडेच होते. दोन आठवड्यांची पोस्टिंग म्हणजे रविवार सोडून बारा सकाळ. त्यातल्या तीन गेल्या की ८० टक्क्यांच्या खाली गेलात. गॅदरिंगच्या तालमीत नेमकं हेच होतं.

आयएमध्ये लेखी आणि क्लिनिकल मिळून किमान ५० टक्के हवेत, शिवाय दोन्हींत स्वतंत्रपणे ४० च्या खाली जायचं नाही. मुलं या दुसऱ्या अटीवर आपटतात. समजा लेखी चाचण्यांत तुम्हाला ६५ टक्के आहेत आणि एंड पोस्टिंगमध्ये ३८. बेरीज पन्नासच्या वर आहे, तरी विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. आयएचे मार्क विद्यापीठाच्या मार्कांत मिळवत नाहीत, ते वेगळ्या रकान्यात दिसतात. म्हणून "धरत नाहीत ना, मग सोड" असं म्हणणारे निघतात. आयए हे दार आहे. आत गेल्यावर त्याचा उपयोग नाही हे खरं, पण आत जायचं तर दुसरी वाट नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेत लेखी पेपर १०० गुणांचा एकच, आणि प्रात्यक्षिक तोंडीसकट १०० गुणांचं. २०१९ च्या नियमांत पास व्हायला दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागत. पेपर कितीही छान गेला तरी केसमधली सगळी तूट तो भरून काढत नाही.

जुन्या पद्धतीत पीडिया एकूण १०० गुणांचं होतं: लेखी ४०, तोंडी १०, क्लिनिकल ३० आणि अंतर्गत २०. आम्ही शिक्षक जवळजवळ सगळे त्यातून पास झालेलो. "इंटर्नलचे वीस हातात असतात रे" हे वाक्य वॉर्डात अजून ऐकू येतं ते त्या काळातलं, तुमच्या कामाचं नाही. २०१९ च्या प्रवेशांपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, मग २०२३ आणि २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले. त्यामुळे स्टुडंट सेक्शनमध्ये जाऊन आपल्या बॅचला लागू असलेलं परिपत्रक मिळवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. महाराष्ट्रात पेपरची मांडणी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ ठरवतं, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोवा विद्यापीठ. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम दोघांना सारखे, पण कुठल्या केसला किती गुण हे विद्यापीठागणिक वेगळं असू शकतं. पुण्यातल्या मित्राची नोट घेऊन पणजीत अभ्यास करताना एवढं लक्षात असू द्या.

पायरी दुसरी: लॉगबुक पहिल्या दिवसापासून

लॉगबुक म्हणजे तुम्ही केलेल्या कौशल्यांची नोंदवही. तिच्यात प्रत्येक नोंदीपुढे तीन छोटे रकाने असतात आणि त्यांतली अक्षरं विद्यार्थ्यांना शेवटपर्यंत कळत नाहीत. पहिला प्रयत्नाचा: एफ म्हणजे पहिल्यांदा केलं, आर म्हणजे पुन्हा केलं, आरई म्हणजे सुधारणेसाठी परत करायला लावलं. दुसरा दर्जाचा: बी म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, एम म्हणजे अपेक्षेइतकं, ई म्हणजे अपेक्षेपेक्षा सरस. तिसरा निर्णयाचा: सी म्हणजे पूर्ण, नाहीतर परत आर किंवा आरई. मग शिक्षकाची सही आणि तारीख.

बी मिळाला म्हणून कुणी नापास होत नाही. पहिल्या प्रयत्नाला बी, आठ दिवसांनी एम आणि पुढे पूर्ण, अशी नोंद मला उलट जास्त खरी वाटते. ओळीने वीस नोंदींवर एकाच तारखेची आणि एकाच शाईची सही असेल तर ते लॉगबुक कसं भरलं गेलं हे समोरच्याला लगेच कळतं. पोस्टिंगच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे सह्यांचा मोसम असतो. लेक्चरर ओपीडीत अडकलेले, रेसिडेंट रात्रीच्या ड्यूटीनंतर डोळे चोळत, आणि दारात लॉगबुकं घेऊन अकरा जण. त्या दिवशी सही मिळते, पण शेरा मिळत नाही. आणि रोजच्या कामाच्या नोंदी आयएत धरायच्या असतात हे नियमातच आहे.

सोपा उपाय सांगतो. एखादं कौशल्य करून दाखवलं की त्याच जागी लॉगबुक पुढे करा. वजन-उंची घेऊन तक्त्यावर मांडलं, डमीवर सलाईनची सुई घालून दाखवली, जीवरक्षणाचे टप्पे डमीवर केले, लसीकरणाच्या खोलीत अर्धा दिवस बसलात, की लगेच नोंद. शिक्षकाला तुमचा हात आठवतो तोवरच दर्जा खरा मिळतो. महिन्याभराने त्याला चेहरासुद्धा आठवत नाही.

पायरी तिसरी: केस घ्यायला शिका, मार्क इथेच आहेत

आता मुख्य गोष्ट. एंड पोस्टिंग असो, प्रिलिम असो की फायनल, सर्वांत मोठा वाटा केसचा, म्हणजे एका रुग्णाला तपासून त्याची माहिती मांडण्याचा. म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

मागच्या पावसाळ्यातली एक एंड पोस्टिंग. मुलगा खोकला-तापाने आलेला. विद्यार्थिनी हुशार, लेखीत वरच्या पाचांत. तिने सुरुवात केली: "दीड वर्षाचा मुलगा, वजन साडेआठ किलो, न्यूमोनिया." मी म्हटलं, "वजन केलंस?" ती म्हणाली, "केसपेपरवर होतं सर." केसपेपरवरचं वजन अपघात विभागात कुणीतरी आईला विचारून टाकलेलं. लसीकरणाचं कार्ड मागितलं तर जन्मतारखेप्रमाणे बाळ चौदा महिन्यांचं. काट्यावर ठेवलं तर ६.९ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्याची मधली रेघ साधारण १० किलोवर असते आणि सर्वांत खालची, म्हणजे उणे तीन प्रमाण विचलनांची, ७.२ च्या आसपास. हे बाळ त्याच्याही खाली. दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर निघाला, म्हणजे ११.५ च्या आत: तीव्र कुपोषण. न्यूमोनिया तिने बरोबर ओळखला होता. पण तीव्र कुपोषित बाळातल्या न्यूमोनियाचे उपचार, सलाईनचा हिशोब, साखर आणि शरीराचं तापमान जपणं, सगळंच बदलतं. निदानाचा अर्धा भाग काट्यावर होता आणि काटा तिच्या खाटेपासून दहा पावलांवर.

तिला मार्क कमी मिळाले ते वजन चुकलं म्हणून नव्हे, वजन केलंच नाही म्हणून. परीक्षकाच्या लेखी हे दोन वेगळे गुन्हे आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा. खाटेशी गेल्यावर आधी माहिती कोण देतंय ते विचारा आणि लिहा. आई, आजी की शेजारीण? बाळ दिवसभर कुणाकडे असतं? आजीकडे असेल तर आईने सांगितलेल्या जुलाबांच्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा आणि केसमध्ये तसं म्हणा. "माहिती देणारी व्यक्ती विश्वासार्ह" हे वाक्य सगळे पाठ म्हणतात. "का?" असं विचारलं की निम्मे गप्प होतात.

मग वय, कार्डावरून. मग वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, स्वतःच्या हाताने. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं ठेवून लांबी मोजायची, नंतर उभं करून उंची. आडवं मोजलेलं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने जास्त भरतं, म्हणून कुठल्या पद्धतीने घेतलं ते लिहायचं. दंडाच्या घेराची ११.५ ची रेघ ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आहे, चार महिन्यांच्या बाळाला लावून हसू करून घेऊ नका. पाच वर्षांपर्यंत जागतिक संघटनेचे तक्ते, पुढे १८ पर्यंत भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे. तक्त्यावर ठिपका प्रत्यक्ष काढा. तोंडी सांगितलेल्या सेंटाइलपेक्षा (त्या वयाच्या शंभर मुलांत बाळ कितवं) कागदावरच्या ठिपक्याला परीक्षक मान देतो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं ही बॅचची आवडती चोरी आहे, आणि ती पकडणं फार सोपं असतं कारण आकडा नेहमी सम येतो. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, त्या किंवा त्याच्या वर म्हणजे जलद. बाळ रडत असताना मोजलेला आकडा रद्द समजायचा. यासाठी सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. दोनशे रुपयांचं चालेल. मोबाइल बाहेर काढलात की परीक्षकाच्या कपाळावर आठी येते, मग कारण कितीही खरं असो.

तपासणीचा क्रम पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंत असतो, बाळाला तो मान्य नसतो. ते आईच्या मांडीवर शांत आहे तोवर लांबूनच पाहून घ्या: श्वास, रंग, नजर, खेळतंय का. मग शांतपणातच छाती आणि हृदय ऐका, नंतर पोट. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर भोंगा सुरू. गार स्टेथो थेट छातीवर टेकवणारा विद्यार्थी आणि आधी तळहातावर ऊब देणारा विद्यार्थी, यांच्यातला फरक आम्हाला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. काही ठिकाणी त्याला गुणपत्रिकेत चक्क वेगळे मार्क असतात, "रुग्णाशी वागणूक" या नावाखाली.

मध्येच थोडं भाषेबद्दल

हे कुठल्याच आराखड्यात नाही, पण मार्कांवर याचा परिणाम होतो.

आई "रेस्पिरेटरी डिस्ट्रेस" म्हणत नाही. ती म्हणते "पोट उडतंय". टाळू बसली म्हणाली तर पाणी कमी पडल्याची शक्यता तुमच्या डोक्यात यायला हवी. "आकडी आली", "डोळे फिरवले" म्हणजे झटके. "अंगावर पितो" म्हणजे आईचं दूध, "वरचं दूध" म्हणजे गाईम्हशीचं किंवा पिशवीचं, आणि त्यात पाणी किती घालते ते विचारल्याशिवाय तुमचा आहाराचा इतिहास अपुरा. बाळगुटी दिली का, हेही विचारा, पण भुवया न उंचावता. एकदा का तिला कळलं की डॉक्टरांना आवडत नाही, की पुढची सगळी उत्तरं तुम्हाला आवडतील अशीच येतात. गोवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला, मुडदूस ही नावं मराठीत माहीत असणं भागच आहे. कांजिण्यांना काही घरांत नाव घेऊन बोलत नाहीत, "देवी आल्या" किंवा "बाया आल्या" म्हणतात. ते ऐकून चक्रावू नका.

अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना हे जड जातं. त्यांना माझा सल्ला: वॉर्डातल्या मावशींशी आणि सिस्टरांशी मैत्री करा. दहा प्रश्न मराठीत घोटून घ्या: काय होतंय, कधीपासून, लघवी किती वेळा झाली, दूध पितोय का, सुया वेळेवर दिल्या का. परीक्षेच्या दिवशी मित्राला दुभाषा म्हणून मिळत नाही. आणि मराठी मुलांनो, तुम्हीही फार खूश होऊ नका. नंदुरबारहून आलेली भिली बोलणारी आई समोर बसली की तुमचं पुणेरी मराठी तिथे काही कामाचं नसतं.

पायरी चौथी: केस मांडणं

मांडताना नाव, वय, गाव, मुख्य तक्रारी कालक्रमाने. मग गर्भारपण आणि बाळंतपण, लसीकरण, वाढ-विकास, आहार, घरची परिस्थिती. हा साचा तुम्हाला मिळेलच. त्यात भर कुठे द्यायचा ते सांगतो.

लहान बाळाच्या केसमध्ये जन्माचा इतिहास लांबवा, दहा वर्षांच्या मुलाच्या नेफ्रॉटिकमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजारात, दोन वाक्यांत उरका. विकासाचे टप्पे सांगताना "नॉर्मल" हा शब्द वापरू नका. तीन महिन्यांना मान धरली, आठ महिन्यांना आधाराशिवाय बसला, तेरा महिन्यांना चालला, असं सांगा. नॉर्मल की नाही ते आम्ही ठरवतो. आहारात काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय खाल्लं ते वाटी-चमच्यांत विचारा आणि उष्मांक-प्रथिनांची तूट काढून ठेवा. तुटीचा आकडा तोंडावर असलेला विद्यार्थी पहिल्या दोन मिनिटांत पास झालेला असतो, पुढची चर्चा फक्त किती वर जायचं याची.

शेवटी निदान एका वाक्यात, आणि त्यात पोषणाची स्थिती आणि लसीकरणाची स्थिती आलीच पाहिजे. एवढं केलं की केस "पीडियाची" वाटते, नाहीतर ती मेडिसिनची लहान आवृत्ती होते.

एखादी गोष्ट तपासली नसेल तर "तपासली नाही" म्हणा. रक्तदाब न घेता ११०/७० सांगणाऱ्याला मी एकदा विचारलं, "कफ कुठल्या मापाचा वापरला?" वॉर्डातला लहान मुलांचा कफ त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेला होता. तो मुलगा पास झाला, पण त्यानंतर त्याच्या प्रत्येक खऱ्या उत्तरावरसुद्धा मला शंका येत राहिली, आणि परीक्षकाच्या मनात शंका शिरली की तिची किंमत तुम्हीच भरता.

पायरी पाचवी: ओस्की

ओस्की म्हणजे टेबलाटेबलावर घेतलेली कौशल्यांची परीक्षा. ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला रोनाल्ड हार्डन यांनी मांडली, ती एकाच कारणासाठी: परीक्षकाच्या मूडवर मार्क अवलंबून राहू नयेत. टेबलं मांडलेली, प्रत्येकावर ठरावीक मिनिटं, घंटा वाजली की पुढे. परीक्षकाच्या हातात यादी असते आणि तो फक्त बरोबर-चूक खुणा करतो. तुम्ही मनात काय विचार केला याला इथे शून्य किंमत. केलं आणि बोललं तेवढंच मोजतात.

उदाहरण घ्या. टेबलावर ओआरएसचं पाकीट, भांडं, आणि आई म्हणून बसलेली एक इंटर्न. सूचना: जुलाब होणाऱ्या एक वर्षाच्या बाळाच्या आईला समजावून सांगा. विद्यार्थी घाईघाईने ओआरएसमधलं सोडियम ७५ आणि एकूण ऑस्मोलॅरिटी २४५ सांगायला लागतो. यादीत ते नसतंच. यादीत असतं: स्वतःची ओळख दिली का, हात धुवायला सांगितलं का, पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात असं सांगितलं का, दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलि, तेही चमच्याने थोडं थोडं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंक १४ दिवस, कधी लगेच दवाखान्यात आणायचं, आणि शेवटी "आता तुम्ही मला सांगा कसं कराल?" हे विचारलं का. शेवटच्या प्रश्नाचा गुण दहातले आठ जण घालवतात. सरावासाठी दोघा-तिघांनी मिळून अशा याद्या स्वतः बनवा. यादी बनवणाऱ्याला ती पाठ करावी लागत नाही.

तोंडी आणि लेखी, थोडक्यात

टेबल व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, लस, औषधं, उपकरणं, एक्स-रे आणि आहाराच्या वस्तू मांडलेल्या असतात. शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचा लाडू उचलून "यातून काय मिळतं?" असं विचारतात. लसीच्या टेबलावर राष्ट्रीय वेळापत्रक आधी, अकादमीचं नंतर. उलट क्रमाने सांगितलंत तर परीक्षक ओळखतो की तुम्ही लसीकरणाच्या खोलीत कधी बसलाच नाही.

लेखी पेपरात बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा २० टक्क्यांच्या वर नसतो, म्हणजे पेपर लिहूनच काढावा लागतो. पीजी प्रवेशाच्या तयारीत गुंतलेली मुलं इथे फसतात: उत्तर येतं, लिहिता येत नाही. आठवड्याला दोन उत्तरं हाताने लिहा, आकृतीसह. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

पायरी सहावी: फायनलचा दिवस

परीक्षकांपैकी किमान निम्मे बाहेरच्या कॉलेजातले असतात. त्यांना तुमचं नाव माहीत नाही, तुम्ही युनिटचे लाडके होता हेही नाही. आणि परीक्षेसाठी जी मुलं बोलावतात ती दिवसभर तपासून घेता येतील अशी, म्हणजे बहुतेक जुनाट आजारांची: नेफ्रॉटिक, हृदयाला छिद्र, थॅलेसेमिया, सेरेब्रल पाल्सी, विदर्भात सिकल सेल. पोस्टिंगमध्ये तुम्ही पाहिलेले डेंग्यू-जुलाब त्या दिवशी क्वचितच दिसतात. शेवटच्या महिन्यात रक्त चढवायला येणारी थॅलेसेमियाची मुलं आणि फिजिओथेरपीला येणारी सेरेब्रल पाल्सीची मुलं शोधून काढा. दिवस ठरलेले असतात, सिस्टर सांगतात.

ही मुलं वर्षानुवर्षं परीक्षांना येतात आणि त्यांना आजाराचं नाव, प्लीहा किती बोटं आहे, सगळं पाठ असतं. एका नऊ वर्षांच्या थॅलेसेमियाच्या मुलीने घाबरलेल्या विद्यार्थ्याला "दादा, डाव्या बाजूने नाही, उजवीकडून हात लाव" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. प्लीहा पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून डाव्या बरगडीकडे चाचपत जायची असते, तिचं बरोबरच होतं. खाऊ न्या त्यांच्यासाठी. उपाशीपोटी सहा जणांकडून पोट दाबून घेणं सोपं नसतं.

मार्क कमी पडले किंवा चुकीचे वाटले तर

चाचणीचे मार्क एक-दोन आठवड्यांत नोटीस बोर्डावर लागले पाहिजेत, असं नियमात आहे. नाही लागले तर विभागाच्या क्लार्ककडे विचारा, रागाने नको. हातात मिळालेली उत्तरपत्रिका आणि लॉगबुकाचं पान, दोन्हींचा फोटो काढून ठेवा. लॉगबुक हरवलेला एक तरी प्रत्येक बॅचमध्ये निघतो.

एखाद्या परीक्षेत कमी पडलात किंवा आजारपणामुळे चुकली, तर सुधारणेची संधी द्यायची तरतूद आहे. ती मागावी लागते, लेखी अर्जाने, विभागप्रमुखांच्या नावे, आजारपण असेल तर दाखला जोडून. तोंडी "सर, माझं काहीतरी करा ना" याची कुठे नोंद होत नाही. आणि अर्ज प्रिलिमच्या आधी द्या. आयएची अंतिम यादी विद्यापीठाकडे गेली की आमच्याही हातात फारसं उरत नाही.

मार्क का कमी पडले हे विचारायला या. बहुतेक जण येतच नाहीत, जे येतात त्यांतले निम्मे भांडायला येतात. वर सांगितलेली ती विद्यार्थिनी तिसऱ्या दिवशी आली, मापाची फीत घेऊन, आणि म्हणाली, "सर, आज त्याचं वजन मी केलं. सात किलो शंभर." बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात हलवलेलं होतं. तक्त्यावर तिने दोन ठिपके काढले होते, तारखांसकट. मी लॉगबुक मागितलं, आधीच्या बीखाली दुसरी ओळ आखली आणि एम लिहिलं.